सरासरीचा दावा नमुन्यावरून कसा तपासायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे भागातले महाविद्यालयीन विद्यार्थी, काजूगर आणि कोकम पॅक करणारे महिला गट, शाळेत प्रकल्प करून घेणारे शिक्षक यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी कळेल असे ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी उदाहरण एकच आहे: २५० ग्रॅमचे काजूगराचे पाकीट. त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणा दुकानदाराचे नाहीत.

१. सरासरीचा दावा तपासायचा म्हणजे नेमके काय करायचे?

कोणीतरी म्हणते, "आमच्या पाकिटांचे सरासरी वजन २५० ग्रॅम आहे." सगळी पाकिटे वजन करणे शक्य नसते, म्हणून काही पाकिटे घेऊन त्यांची सरासरी काढतो. ती बरोबर २५० क्वचितच येते. दावा शंभर टक्के खरा असला तरी नमुन्याची सरासरी थोडी वर किंवा खाली पडणारच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: नमुन्यात दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडावा एवढाच आहे, की त्याहून मोठा आहे? उरलेली सगळी सूत्रे याच एका प्रश्नासाठी आहेत.

२. मला दावा खोटा ठरवायचा आहे. मग शून्य गृहीतकात (चाचणीसाठी आधी खरे धरून चालायच्या विधानात) तोच दावा खरा म्हणून का लिहायचा?

कारण गणित करायला एक ठाम आकडा लागतो. "सरासरी २५० आहे" असे धरले की नमुन्याची सरासरी किती हलू शकते हे काढता येते. "सरासरी २५० नाही" असे धरले तर ती २४९ आहे की २३०, हेच ठरत नाही आणि हिशोब सुरूच होत नाही. म्हणून बरोबरीचे चिन्ह नेहमी शून्य गृहीतकात येते आणि तुमची शंका पर्यायी गृहीतकात जाते. गृहीतके लोकसंख्येच्या, म्हणजे सगळ्या पाकिटांच्या, सरासरीबद्दल असतात. "नमुन्याची सरासरी २५० आहे" असे शून्य गृहीतक बऱ्याच प्रकल्पांत लिहिलेले दिसते. ते चूक आहे, कारण नमुन्याची सरासरी तर तुम्ही स्वतः मोजलेली आहे.

३. एक उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवाल का?

बारा पाकिटांतला काजूगर, रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून, ग्रॅममध्ये असा भरला: २४७, २५१, २४८, २४६, २५०, २४९, २४५, २५२, २४७, २४८, २४९, २४४.

सरासरी बरोबर २४८. प्रत्येक वजनातून २४८ वजा करून वर्ग केले आणि बेरीज घेतली, ती ६२ आली. तिला ११ ने भागले तर ५.६४, त्याचे वर्गमूळ २.३७. हे प्रमाण विचलन, म्हणजे एक पाकीट सरासरीपासून साधारण किती ढळते ते. आता बारा पाकिटांची सरासरी किती ढळेल ते हवे, म्हणून २.३७ ला १२ च्या वर्गमुळाने, ३.४६ ने भागायचे. उत्तर सुमारे ०.६८५. ही प्रमाण त्रुटी.

दाव्यापासूनचा फरक उणे २ ग्रॅम. उणे २ भागिले ०.६८५ म्हणजे टी = उणे २.९२. नमुन्याची सरासरी दाव्यापासून जवळजवळ तीन प्रमाण त्रुटी खाली आहे. ११ स्वातंत्र्यमात्रा (पाकिटांच्या संख्येपेक्षा एक कमी) आणि ५ टक्के पातळीसाठी (प्रश्न ७) दोन बाजूंच्या चाचणीत (प्रश्न ८) कोष्टक २.२०१ ही सीमा देते. आपला आकडा तिच्या पलीकडे आहे, म्हणून शून्य गृहीतक नाकारायचे. पी-मूल्य (अर्थ प्रश्न ६ मध्ये) सुमारे ०.०१४.

इथे थांबू नका. ९५ टक्क्यांचे विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्या टप्प्यात असावी असा अंदाज, तोही काढा: २४८ अधिक-उणे २.२०१ गुणिले ०.६८५, म्हणजे २४६.५ ते २४९.५ ग्रॅम. माझ्या मते अहवालातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच. "नाकारले" एवढेच ऐकून गटातल्या बाईला काही करता येत नाही. सरासरी अर्ध्या ते साडेतीन ग्रॅमने कमी पडते आहे हे कळले की पॅकिंगच्या टेबलावर काय बदलायचे ते ती ठरवू शकते.

४. बारा पाकिटे असताना ११ ने का भागले?

फरक आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजतो आणि ती त्याच आकड्यांच्या मधोमध बसलेली असते. त्यामुळे वर्गांची बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजली असती त्यापेक्षा थोडी कमी येते. पाकिटांच्या संख्येपेक्षा एकाने कमी आकड्याने भागून ती कसर भरून काढतात.

५. झेड-चाचणी वापरू की टी-चाचणी? पुस्तकात लिहिले आहे की नमुना ३० पेक्षा मोठा असेल तर झेड.

सगळ्या पाकिटांचे प्रमाण विचलन आधीपासून ठाऊक असेल तर झेड, नमुन्यावरूनच काढले असेल तर टी. नमुन्याचा आकार हा मूळ निकष नाही. ३० ची मर्यादा छापील कोष्टकांच्या काळातली सोय आहे, कारण तिथून पुढे दोन्हींच्या सीमा जवळ येतात: २९ स्वातंत्र्यमात्रांना टी ची सीमा २.०४५, झेडची १.९६. आता संगणक असताना सरळ टी वापरा. नमुना मोठा असला तरी बिघडत काहीच नाही.

टी-चाचणी आली तीच छोट्या नमुन्यांच्या अडचणीतून. विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनच्या गिनीज कंपनीत कामाला होता. बिअरचा कच्चा माल तपासताना हातात मोजकीच निरीक्षणे असत आणि झेडच्या हिशोबाने निष्कर्ष फाजील खात्रीचे निघत. १९०८ मध्ये त्याने आपले उत्तर 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले, म्हणून आजही 'स्टुडंटची टी' म्हणतात. बारा पाकिटे घेऊन बसलेल्या गटाची अडचण अगदी तीच आहे.

६. पी-मूल्य ०.०१४ आले. म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता १.४ टक्केच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. पी-मूल्याचा अर्थ असा: दावा खरा आहे असे धरले, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक नमुन्यात पडण्याची शक्यता १.४ टक्के. दावा खरा असण्याची शक्यता किती, हे वेगळे विधान आहे. ते काढायला तो दावा आधी किती विश्वासार्ह होता हेही हिशोबात घ्यावे लागते, आणि या चाचणीत ते कुठेच नसते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यावर एक निवेदन काढले. त्यात हा मुद्दा स्पष्ट आहे, आणि पी-मूल्य फरकाचा मोठेपणाही सांगत नाही असे म्हटले आहे. त्यावर प्रश्न १४ पाहा.

७. पातळी ५ टक्केच का? परीक्षक विचारतात.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२० च्या दशकात सोयीची म्हणून वापरली आणि ती रुळली. निसर्गनियम नव्हे. दावा खरा असताना तो नाकारण्याची चूक किती वेळा चालवून घेणार, ते ही पातळी ठरवते. एखाद्या गटावर कमी वजनाचा आरोप ठेवायचा असेल तर मी १ टक्का घेईन. आपल्याच पॅकिंगवर नजर ठेवायची असेल तर १० टक्केही चालेल. मात्र ती आकडे हातात येण्याआधी वहीत लिहून ठेवा.

८. एका बाजूची चाचणी की दोन बाजूंची?

ग्राहक म्हणून तुम्हाला फक्त कमी वजनाची चिंता असेल तर एका बाजूची. पॅक करणाऱ्या गटाला जास्त वजनही परवडत नाही, महागडा काजूगर फुकट जातो, म्हणून त्यांनी दोन बाजूंची घ्यावी. प्रश्न ३ मधल्या आकड्यांवर एका बाजूची सीमा १.७९६ आणि पी-मूल्य निम्मे, सुमारे ०.००७ येते. निम्मे येते म्हणूनच इथे मोह होतो: आधी सरासरी पाहायची, ती खाली दिसली की "आम्हाला फक्त कमीच तपासायचे होते" म्हणायचे. असे केल्यास जाहीर केलेल्या ५ टक्क्यांऐवजी तुम्ही प्रत्यक्षात १० टक्के चूक चालवून घेता. बाजू कोणती हे पहिले पाकीट काट्यावर ठेवण्याआधी ठरते. शंका असली तर दोन बाजू.

९. किती पाकिटे घ्यावीत?

केवढा फरक पकडायचा आहे ते आधी सांगावे लागते. प्रमाण विचलन २.४ ग्रॅम असेल, खरा फरक २ ग्रॅम असेल आणि तो पाचपैकी चार वेळा तरी पकडला जावा असे वाटत असेल, तर ५ टक्के पातळीला १४ च्या आसपास पाकिटे पुरतात. फरक १ ग्रॅमचाच असेल तर ४८ च्या आसपास लागतात. फरक निम्मा झाला की नमुना साधारण चौपट होतो. म्हणूनच पाच पाकिटे तोलून "दावा नाकारता आला नाही" असे निघाले तर त्यात नवल नाही. पाच पाकिटांत बारीक फरक पकडण्याची ताकदच नसते.

आणखी एक: थोडी पाकिटे तोलून पी-मूल्य पाहायचे, नाही जमले तर आणखी थोडी तोलायची, ०.०५ च्या खाली गेले की थांबायचे, असे करू नका. अशा रीतीने पुरेसा धीर धरला तर खरा दावाही केव्हातरी "खोटा" ठरतो. आकार आधी ठरवा आणि तेवढ्यावरच थांबा.

१०. पाकिटे कशी निवडायची? आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका स्टॉलवरून बारा घेतली.

मग तुमचा निष्कर्ष त्या दिवशीच्या, त्या स्टॉलवरच्या मालापुरता. बारा पाकिटे एकाच बाईने, एकाच दुपारी, एकाच डब्यातून भरली असतील तर ती बारा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. पोदेराने पहाटे एकाच वेळी भट्टीत घातलेले बारा पाव तोलून महिनाभराच्या पावाविषयी बोलण्यासारखे आहे ते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खेपांतून, चिठ्ठी टाकून किंवा संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांनी निवडा. ऋतूही लक्षात घ्या. पावसाळ्यात उघडा राहिलेला काजूगर ओल धरतो, त्यामुळे मे महिन्यात तोललेले जुलैला लागू करू नका.

नमुना घेण्याची पद्धत कलती असेल तर नमुना मोठा करून ती सुधारत नाही. आपल्याच देशातले एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. १९४० च्या दशकात शेतातले छोटे तुकडे कापून पिकाच्या सरासरी उताऱ्याचा अंदाज घेत. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगून येतो. तुकड्याच्या कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, यात कापणाऱ्याचा हात आत धरण्याकडे झुकतो, आणि लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी सरासरी चढीच राहते. फक्त प्रमाण त्रुटी लहान होते, आणि चुकीच्या आकड्यावरची खात्री वाढते.

११. एक पाकीट फारच कमी भरले. काढून टाकू का?

आधी कारण शोधा. समजा प्रश्न ३ मधले शेवटचे २४४ लिहिताना चुकून २१४ झाले. सरासरी २४५.५ वर येते, म्हणजे दाव्यापासून आणखी दूर. तेव्हा पुरावा अधिक भक्कम व्हायला हवा असे वाटेल. प्रत्यक्षात प्रमाण विचलन २.३७ वरून १०.१ वर जाते, टी उणे १.५४ होतो, आणि दावा नाकारता येत नाही. एका चुकलेल्या अंकाने निकाल उलटा केला. हे वहीत स्वतः करून पाहा, टी-चाचणी टोकाच्या आकड्याला किती हळवी आहे ते कायमचे लक्षात राहील.

लिहिण्याची चूक सापडली तर दुरुस्त करा. पिशवी फाटलेली होती असे कळले तर कारण लिहून वगळा. काहीच कारण सापडले नाही तर ते पाकीट ठेवा, त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय दोन्ही निकाल द्या. "विचित्र दिसते" हे वगळण्याचे कारण होत नाही.

१२. आमचा प्रकल्प रायबंदर–चोडण फेरीबोटीवर आहे. वाट पाहण्याची सरासरी वेळ १० मिनिटे हा दावा टी-चाचणीने तपासता येईल का?

येईल, पण तीन गोष्टी सांभाळून.

पहिली, वाट पाहण्याच्या वेळा बहुधा एका बाजूला झुकलेल्या असतात: बऱ्याच लहान, थोड्या खूप मोठ्या. नमुना मोठा असेल तर केंद्रीय सीमा प्रमेयामुळे सरासरीचे वितरण सममितीकडे येते आणि टी चालते. पंधरा-वीस नोंदींवर भरवसा ठेवू नका, आधी आलेख काढून पाहा. मध्यकाविषयी (वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वेळेविषयी) बोलायचे असेल तर चिन्ह चाचणी आहे. विल्कॉक्सनची क्रमांकित चिन्ह चाचणी मात्र सममिती धरून चालते, त्यामुळे इथे तिचा आधार पक्का नाही.

दुसरी, एका फेरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या वीस जणांच्या वेळा स्वतंत्र नसतात. बोट उशिरा आली की सगळ्यांनाच उशीर. वीस नोंदी दिसतात, माहिती जवळपास एकाच फेरीची असते.

तिसरी, तुम्ही काय मोजता ते. समजा फेऱ्यांमधले अंतर आलटून-पालटून १० आणि ३० मिनिटांचे आहे. सरासरी अंतर २० मिनिटे, म्हणून प्रवासी सरासरी १० मिनिटे थांबेल असे वाटते. पण केव्हाही धक्क्यावर येणारा प्रवासी ३० मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता तिप्पट असते, आणि त्याची सरासरी वाट १२.५ मिनिटे निघते. म्हणजे "दर २० मिनिटांनी फेरी" हा दावा सरासरीपुरता खरा, आणि प्रवाशाची तक्रारही खरी. प्रवाशांना विचारून गोळा केलेले आकडे आणि धक्क्यावर नोंदलेल्या सुटण्याच्या वेळा एकमेकांत मिसळू नका.

१३. दावा नाकारता आला नाही. "दावा सिद्ध झाला" असे लिहू का?

लिहू नका. "या नमुन्यावरून दाव्याविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही" असे लिहा. पुरावा न मिळण्याचे कारण नमुना लहान असणे हेही असू शकते (प्रश्न ९).

सरासरी २५० च्या पुरेशी जवळ आहे असेच दाखवायचे असेल तर त्यासाठी समतुल्यता चाचणी आहे. किती फरक चालेल ते आधी ठरवायचे, समजा ४ ग्रॅम. मग ९० टक्क्यांचे विश्वास अंतराल काढायचे, आणि ते २४६ ते २५४ च्या आत पूर्ण बसले तर ५ टक्के पातळीवर समतुल्यता मान्य. आपल्या बारा पाकिटांसाठी ते २४६.८ ते २४९.२ येते, म्हणजे बसते. प्रश्न ३ मध्ये याच आकड्यांनी दावा नाकारला होता. दोन्ही निष्कर्ष एकदम खरे आहेत: सरासरी बरोबर २५० नाही, पण ४ ग्रॅमच्या आतच आहे.

१४. फरक सार्थक आला, पण २ ग्रॅम म्हणजे मोठा फरक आहे का? कायद्याने काय?

सार्थक म्हणजे योगायोगाने सहज न पडणारा. तो महत्त्वाचा आहे की नाही, हे वजन, भाव आणि ग्राहक पाहून तुम्ही ठरवायचे. दहा हजार पाकिटे तोलली तर ०.१ ग्रॅमचा फरकही सार्थक येईल.

कायद्याची रीत वेगळी आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये नमुन्याच्या सरासरीबरोबरच प्रत्येक पाकिटाकडेही पाहतात, आणि एका पाकिटात किती त्रुटी चालेल याचे कोष्टक आहे. २५० ग्रॅमच्या पाकिटाला ती ९ ग्रॅम. तुमची टी-चाचणी ही घरची तपासणी म्हणून उत्तम आहे, पण खात्याच्या तपासणीची जागा ती घेत नाही.

१५. तीच पाकिटे आमच्या काट्यावर आणि दुकानाच्या काट्यावर वेगळी भरतात. दोन नमुन्यांची चाचणी लावू?

नको. प्रत्येक पाकिटाच्या दोन वजनांतला फरक काढा आणि "फरकांची सरासरी शून्य" या दाव्यावर प्रश्न ३ चीच रीत चालवा. ही जोडीची टी-चाचणी. पाकिटापाकिटांतला चढउतार वजाबाकीत निघून जातो, म्हणून थोड्या पाकिटांतही काट्यांचा फरक उघड होतो. दोन्ही काट्यांवर प्रमाणित वजन ठेवून पाहायला विसरू नका. काटा कायम २ ग्रॅम कमी दाखवत असेल तर प्रश्न ३ मधला सगळा निष्कर्ष काट्याचा ठरतो, काजूगराचा नाही.

१६. आम्ही वीस दुकानांची पाकिटे तपासली. एक दुकान दोषी निघाले.

सगळी वीस दुकाने चोख असली तरी ५ टक्के पातळीवर निदान एक तरी "दोषी" दिसण्याची शक्यता ६४ टक्के आहे. त्या दुकानाचे नाव कुठे लिहिण्याआधी नवीन नमुना घेऊन पुन्हा तपासा, किंवा प्रत्येक चाचणीची पातळी ०.०५ भागिले २०, म्हणजे ०.००२५ ठेवा. एखाद्याच्या धंद्याचा प्रश्न असतो. इथे हयगय करू नये.

१७. आमच्याकडे एकूण ६० च पाकिटे आहेत, त्यांतली १२ तोलली.

त्या ६० पाकिटांविषयीच बोलायचे असेल तर प्रमाण त्रुटीला ४८ भागिले ५९ च्या वर्गमुळाने, ०.९० ने गुणा. पुढच्या खेपांविषयीही बोलायचे असेल तर गुणू नका.

१८. सरासरी बरोबर २५० येते, तरी ग्राहक कुरकुरतात. का?

एक पाकीट २३५ आणि दुसरे २६५ असले तरी सरासरी २५० च. ग्राहक सरासरी विकत घेत नाही, एक पाकीट घेतो. म्हणून सरासरीबरोबर पसराही तपासा. त्यासाठी काय-वर्ग चाचणी आहे, मात्र ती वितरण 'सामान्य' (घंटेच्या आकाराचे) असण्यावर टी पेक्षा फार जास्त अवलंबून असते.

या बाबतीत गोव्याला अभिमान वाटावा असे काम दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबें गावी जन्मलेल्या या गणितज्ञाने तक्षशिलेच्या साठ्यातली आहत (ठसे उमटवलेली प्राचीन) नाणी तोलली. नाणे जितके जास्त काळ हातोहात फिरते तितके ते झिजते, म्हणून सरासरी वजन उतरते. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांचा पसरा वाढतो. या दोन आकड्यांवरून त्यांनी नाण्यांचा काळानुसार क्रम लावण्याची रीत बसवली. नुसती सरासरी पाहिली असती तर ही अर्धी गोष्ट हातची गेली असती.

१९. एक्सेलमध्ये एका नमुन्याची टी-चाचणी सापडत नाही.

थेट फंक्शन नाही. 'अ‍ॅव्हरेज' ने सरासरी, 'एसटीडीईव्ही.एस' ने प्रमाण विचलन काढा ('एसटीडीईव्ही.पी' नको, तो एन ने, म्हणजे पाकिटांच्या पूर्ण संख्येने, भागतो, प्रश्न ४ पाहा). टी हाताने काढून 'टी.डिस्ट.२टी' मध्ये टी आणि स्वातंत्र्यमात्रा घाला. टी उणे असेल तर हे फंक्शन त्रुटी दाखवते, म्हणून उणे चिन्ह काढून घाला.

२०. अहवालात निकाल कसा लिहावा?

असा: "वेगवेगळ्या सहा दिवशी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १२ पाकिटांचे सरासरी निव्वळ वजन २४८ ग्रॅम, प्रमाण विचलन २.४ ग्रॅम. २५० ग्रॅमच्या दाव्याविरुद्ध दोन बाजूंची टी-चाचणी: टी = उणे २.९२, स्वातंत्र्यमात्रा ११, पी = ०.०१४. ९५ टक्के विश्वास अंतराल २४६.५ ते २४९.५ ग्रॅम." पी-मूल्य आकड्यात द्या, नुसते "०.०५ पेक्षा कमी" नको. निवड कशी केली ते पहिल्याच वाक्यात येऊ द्या, वगळलेली पाकिटे असतील तर कारणासह नोंदवा, आणि बाराच्या बारा वजने पुरवणीत जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला स्वतः हिशोब करून पाहता येईल.